दोनशे वीसवरचा काटा

पुतण्याच्या घरी कुणी विजेचा दिवा विकत आणला, की आधी तो माझ्या हातात देतात. मी चष्मा कपाळावर चढवतो, काचेवरचे बारीक आकडे वाचतो, मनातल्या मनात गुणाकार-भागाकार करतो आणि सांगतो, याचा विरोध इतके ओहम. घरातल्या पोरांना त्याची मोठी गंमत वाटते. म्हातारा अजून पक्का आहे म्हणतात. मला त्यात गंमत वाटत नाही. ती एक खोड आहे आणि सुटत नाही. दोनशे वीस व्होल्ट आणि चाळीस वॅट दिसले की बाराशे दहा हा आकडा डोक्यात येऊन बसतो, आणि तोही मराठीत नाही, उर्दूत. बारा सौ दस. मी निजामाच्या राज्यात शिकलो. हैदराबादेत कारागिरी शिकवणाऱ्या एका शाळेत तीन वर्षं होतो. तिथं विजेच्या प्रवाहाला रौ म्हणत, विरोधाला मजाहमत आणि शक्तीला ताकत. पुढं राज्य गेलं, पाट्या बदलल्या, साहेब बदलले. माझे पाढे तेवढे त्याच भाषेत राहिले.

ते गणित तसं फार सोपं आहे. तारेतून वीज ढकलणारा जोर म्हणजे दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. त्या जोरानं जितकी वीज वाहते तो प्रवाह, तो अँपिअरमध्ये. दाबाला प्रवाहानं भागलं की विरोध निघतो. दाबाला प्रवाहानं गुणलं की शक्ती निघते, आणि दिवा किती उजेड देणार, किती ऊब देणार, हे त्या शक्तीवर ठरतं. चार आकड्यांतले कोणतेही दोन द्या, उरलेले दोन मी उभ्या उभ्या काढून देतो. एवढ्याशा भांडवलावर मी तरुणपणी फार माज केला. त्या माजाचीच ही हकीकत आहे, आणि ती चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, स्टेशनच्या अंगाला, सरकीपासून रुई वेगळी करणारी एक जिनिंग फॅक्टरी होती. तिथं मी बोर्डावर होतो. बोर्ड म्हणजे संगमरवराची पुरुषभर उंचीची पाटी. तिच्यावर थाळीएवढी दोन मीटरं, एक व्होल्टचं, एक अँपिअरचं. खाली मोठाले स्विच आणि एक पितळी हँडल. गावात तेव्हा वीज आलेली नव्हती. फॅक्टरी आपली वीज आपणच काढायची. तेलावर चालणारं एक भलंमोठं इंजिन होतं, त्याच्या पट्ट्यांवर सरकी काढणारी सगळी यंत्रं फिरत आणि त्याच इंजिनावर एका कोपऱ्यात आमचा डायनामो फिरे.

आता माझं काम काय, ते नीट सांगायला हवं. यंत्रं चालू असली की इंजिनावर ओझं असायचं आणि ते दबून चालायचं. दुपारी जेवणाचा भोंगा झाला की सगळी यंत्रं एकदम सुटत, ओझं उतरे आणि इंजिन मोकाट धावे. त्याच्याबरोबर डायनामोही धावे आणि विजेचा दाब दोनशे वीसवरून पार दोनशे सत्तरवर जाई. जेवणापुरतं इंजिन बंद ठेवण्याची सोय नव्हती, कारण ते पुन्हा चालू करायचं म्हणजे सहा माणसांचं तासाभराचं काम. म्हणून भोंग्याच्या आधी मी ते दाब कमी-जास्त करणारं पितळी हँडल चार घरं खाली उतरवायचं आणि जेवण आटोपून यंत्रं पुन्हा लागली की वर चढवायचं. पाळी बदलतानाही तेच. काटा दोनशे वीसवरून हलता कामा नये. सहा हंगाम मी तो माझ्या पाळीत हलू दिला नव्हता, आणि त्याचा मला गर्व होता.

भोंगा इंजिनवाल्या चाचांच्या हातात असे. चाचा माझ्या बापाच्या वयाचे होते. इंजिनाच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते माझ्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. मी हँडल उतरवून हात वर केला की ते भोंग्याची साखळी ओढत. इतक्या वर्षांत आम्हाला त्याबद्दल एक शब्द बोलावा लागला नाही.

त्या साली पौषात थंडी कडक पडली होती. बायकोचं ते पहिलंच बाळंतपण. तिला माहेरी न्यायला यायचे दिवस होते, तेवढ्यात सातव्या महिन्यातच ती फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये बाळंत झाली. मुलगी झाली. निरोप मिळताच सासूबाई दुसऱ्या दिवशी ताडकळसहून येऊन पोचल्या. पोरगी इतकी लहान की मला तिला हातात घ्यायची भीती वाटे. रुईचे नमुने तोलायच्या तराजूत आम्ही तिला फडक्यासकट तोललं, तर दीड शेर भरली, आणि त्यात फडक्याचंही वजन होतं. रडायची तर मांजराच्या पिल्लागत, आणि तेही क्वचित.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आले होते. सायकलवर आले, पोरीला पाहिलं, आणि सगळ्यात आधी बाजेखालची शेगडी बाहेर काढायला लावली. इतक्या लहान छातीला तो धूर सोसायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. पण ऊब मात्र हवीच. रात्रंदिवस, एकसारखी, कमी नाही की जास्त नाही. आणखी महिनाभर अशी ऊब मिळाली तर पोर जगेल, नाही मिळाली तर माझ्याकडे दुसरं औषध नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मोठ्या शहरांत यासाठी विजेच्या पेट्या असतात, हेही जाता जाता बोलून गेले. ते ऐकून माझ्या अंगात वारं शिरलं. वीज तर माझ्या हातात होती.

सासूबाईंना शेगडी बाहेर काढल्याचा राग आला. त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, असंच पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. “लेकराला इस्तू पायजे, इस्तू,” त्या म्हणाल्या. “काचंतल्या दिव्याची धग कुटं लागती का? आमी इतकी बाळंतपणं केली, समदी शेगडीवरच केली.” मी त्यांना वॅट समजावून सांगायला बसलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, लेकीकडे बघितलं आणि उठून चुलीकडे गेल्या. जावई पडलो, त्यामुळे त्यांना मला वेड्यात काढायची चोरी होती.

बाजारातून मी चहाचं एक रिकामं खोकं आणलं, आतून चंदेरी पत्रा लावलेलं. तळाशी दिवे, त्यावर हातभर अंतरावर तारेची जाळी, जाळीवर पातळ पत्रा आणि त्यावर रुईची गादी. हवेसाठी बाजूंना भोकं पाडली. क्वार्टरच्या ओळीत विजेचा दिवा फक्त माझ्या घरी होता, कारण बोर्डवाल्याला घरबसल्या दाब कळावा म्हणून फॅक्टरीनं तो दिलेला. त्याच तारेवर मी पेटी जोडली आणि तिच्या अंगालाच चिनी मातीचा एक खटका बसवला. मॅनेजरनं दिवे वापरायची परवानगी दिली. नवे नव्हते, वापरलेलेच होते, काचा थोड्या काळवंडलेल्या, पण मला चालणार होते.

शंभरचा एक दिवा लावला तर पेटी भाजू लागली. साठचा लावला तर पहाटे पोरीचे तळपाय गार लागले. मग मी कागद घेऊन बसलो. ऐंशी वॅट हवेत. चाळीसचे दोन दिवे शेजारी शेजारी. एका दिव्याचा विरोध बाराशे दहा ओहम, दोघांचा मिळून सहाशे पाच. दोनशे वीसला सहाशे पाचनं भागलं की प्रवाह शून्य पूर्णांक छत्तीस अँपिअर, आणि दोनशे वीस गुणिले छत्तीस शतांश म्हणजे ऐंशीला थोडे कमी. लावून पाहिलं. पेटीत हात घातला तर काखेत घातल्यासारखा वाटला. इतकं बरोबर उत्तर मला आयुष्यात कधी आलं नव्हतं.

खटका चालू करून मी पळत बोर्डाकडे गेलो आणि अँपिअरचं मीटर बघितलं. ते शंभरापर्यंत मोजणारं. माझ्या पेटीनं त्याचा काटा केसभरही हलला नव्हता. मला उगाच वाईट वाटलं. अख्ख्या फॅक्टरीच्या विजेत माझ्या पोरीची वीज मोजण्याइतकीही नव्हती. मग मी स्वतःलाच समजावलं, की काट्याला दिसत नसली तरी कागदावर ती आहे.

बायको चौथीपर्यंत शिकलेली होती. दुपारी मी जेवायला आलो की ती तो कागद पुढं ठेवायची आणि विचारायची, यातला ऊब देणारा आकडा कोणता. मी दाखवायचो. भागाकार तिला यायचा. विरोध दिव्यातल्या बारीक तारेचा, प्रवाह त्या विरोधामुळे इतका, हे तिला पटलं. मग तिनं विचारलं, “आन् ह्यो दाब कुटून येतो?” मी म्हणालो, तो असतोच. दोनशे वीस. त्याच्यापासून तर सुरुवात करायची. तिनं मान डोलावली. ती प्रश्न विचारून थांबणारी बाई होती, वाद घालणारी नव्हती.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी पाचवी पुजली. सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी लिहून जाते, त्यासाठी पाट्यापाशी कोरा कागद आणि टाक ठेवायचा. घरात कोरा कागद नव्हता. मी माझ्या गणिताचाच कागद उलटा करून दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मागच्या बाजूला काहीतरी लिहिलंय एवढं दिसलं, आणि हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सटवाईला जरा सोपं जावं म्हणून अर्धं मीच लिहून ठेवलंय. बायको बाजेवरून हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून सासूबाईंनीही ते चालवून घेतलं.

दिवस बरे गेले, हे खोटं सांगणार नाही. फॅक्टरीचा हंगाम भरात होता, सुट्टी नव्हती, इंजिन थांबत नव्हतं. रात्रपाळीला बोर्डावर दुसरा माणूस असे आणि तोही हँडल सांभाळून असे. पोरगी अंगावर पीत नव्हती, पण कापसाचा बोळा दुधात भिजवून ओठाला लावला की चोखू लागली. अंगावरचा निळसर रंग गेला. आठव्या दिवशी डॉक्टर आले, पेटीत हात घालून बराच वेळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, चांगलं केलंय. ताप मोजायची आपली काचेची नळी त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. त्या दिवशी मी फॅक्टरीत उगाचच सगळ्यांशी बोलत होतो. बारसं बाराव्या दिवशी करायचं ठरलं होतं, त्यामुळे तिला नाव अजून नव्हतं. मनात मी दोन नावं धरली होती, ती कुणाला सांगितली नाहीत.

नवव्या दिवशी दुपारच्या भोंग्याला अर्धा तास असेल. शेजारची बाई फाटकापर्यंत येऊन सांगून गेली, की पोर सकाळपासून बोळा घेईना, बायकोनं बोलावलंय. मी चाचांना खुणेनं सांगितलं, घरी जाऊन येतो. त्यांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, “तू जाके आ बेटा. भोंगा मैं जरा रोक लेतूं.”

क्वार्टर बोर्डापासून दोनशे पावलांवर, मधे कापसाचे ढीग. घरी आलो तर सासूबाई आडाला गेल्या होत्या. बायको पेटीपाशी उभी राहून बोळा धरून होती. मी तिच्या हातातून बोळा घेतला, दुधात भिजवला आणि पोरीच्या ओठाला लावला. आधी काही नाही. मग ओठ हलले. मग ती चोखू लागली, हळू, मधेच थांबून, पुन्हा. मी बघत बसलो. घड्याळ माझ्या घरात नव्हतं आणि मला त्याची आठवणही झाली नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मी इतका सुखात होतो.

चाचांनी भोंगा रोकला होता. पाच मिनिटं, सात मिनिटं, हे मला मागाहून कळलं. बाया-माणसं यंत्रांपाशी ताटकळली, मॅनेजर खिशातलं घड्याळ हातात घेऊन इंजिनघराच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी साखळी ओढली. त्यांच्या जागी मी असतो तर इतका वेळही थांबलो नसतो.

भोंगा वाजला तेव्हा मी पेटीपासून हातभर अंतरावर होतो. बाजूच्या भोकांतून येणारा पिवळा उजेड पांढरा होत गेला. मला क्षणात कळलं. यंत्रं सुटली, इंजिन धावलं, हँडल वरच राहिलं. आणि मी उठून पळालो.

मी बोर्डाकडे पळालो. पेटीचा खटका माझ्या उजव्या हाताशी होता. मीच बसवलेला, बोटानं दाबला की बंद होणारा. तो दाबला असता तर दोन्ही दिवे वाचले असते. सावकाश चालत बोर्डाकडे गेलो असतो, हँडल उतरवून आलो असतो, आणि पेटीतली ऊब तेवढ्या वेळात गेलीही नसती. पण दाब वाढला की हँडलकडे जायचं, हे सहा हंगामांत माझ्या पायांत गेलं होतं. दुसऱ्या कुणीही माणसानं, अगदी विजेतलं काही न कळणाऱ्यानं, समोरचा दिवा भडकलेला पाहून तो विझवला असता. मी बोर्डवाला होतो, म्हणून मी पळालो. कापसाच्या ढिगांतून, चपला टाकून, दोनशे पावलं. हँडल धरलं, घर घर खाली घेतलं, आणि काटा दोनशे सत्तरवरून हलत हलत दोनशे वीसवर येऊन थांबला. लिहायची लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं. मी चाचांकडे बघून हातसुद्धा वर केला.

परत आलो तर पेटीत अंधार होता. दोन्ही दिवे गेले होते. जुनेच ते, तो दाब त्यांना किती सोसणार. बायकोनं पोरीला चोळीच्या आत छातीशी धरलं होतं आणि वरून पदर आणि वाकळ.

दुसरे दिवे आणायला मी पुन्हा पळालो. स्टोअरला कुलूप, किल्ली घेऊन कारकून जेवायला गावात गेलेला. घरातला दिवा आणि बोर्डावरचा, दोन्ही गेले होते. बाकीचे वाचलेले दिवे यंत्रांच्या खोलीत पत्र्याच्या छताला, तिथं शिडीशिवाय हात पोचत नव्हता, आणि शिडी कुणीतरी फाटकाकडे नेली होती. ती आणून, चढून, चाळीसचे दोन दिवे काढून घरी येईतो पाऊण तास गेला असेल. दिवे बसवले, खटका लावला, पेटी पुन्हा पिवळी झाली. मग मी बायकोपुढं हात पसरले आणि पोरीला मागून घेतलं. तिच्या छातीवरून काढून मी तिला पेटीत ठेवलं. माझा त्या ऐंशी वॅटवर विश्वास होता. बायकोनं दिली. फार वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की आता अशा मुलांना आईच्या उघड्या छातीलाच बांधून ठेवतात, त्याच्यापेक्षा चांगली ऊब नाही. मी त्यांना कशासाठी विचारलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही.

पोरीचे पाय गार लागत होते. डॉक्टरांची नळी काखेत लावून बघितली, पण ती पंचाण्णवच्या वरचंच सांगणारी होती. त्याच्या खाली किती, ते तिला सांगता येत नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायला लावल्या, सासूबाईंनी न विचारता शेगडी आत आणली, आणि डॉक्टरांनी ती पाहून राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं दारात आली तेव्हा पोर गेली. बोळ्यातलं दूध तसंच ओठावरून ओघळलं, त्यावरून सासूबाईंना कळलं.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. ओढ्याच्या काठी आम्ही तिला पुरलं. चाचा कुदळ घेऊन आले होते, खड्डा त्यांनीच खणला, मला हात लावू दिला नाही. खणता खणता रडत होते. त्यांना वाटत होतं, आणखी थोडा वेळ भोंगा धरला असता तर. मी त्यांना सांगायला हवं होतं, की चाचा, तुमची काही चूक नाही, खटका माझ्या हाताशी होता. मी सांगितलं नाही. पुढं दोन-तीन वर्षांनी ते आंध्रात आपल्या मुलाकडे निघून गेले, तोपर्यंत रोज आम्ही समोरासमोर होतो, रोज मी हात वर करत होतो आणि ते साखळी ओढत होते, पण मी सांगितलं नाही. माझ्याबद्दल काय म्हणायचं ते यावरूनच ठरवा.

डॉक्टर म्हणाले, दीड शेराची मुलगी, तशीही जगणं अवघडच होतं. त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. मी तिसऱ्या दिवशी बोर्डावर हजर झालो आणि काम नसलं की कोळशानं भिंतीवर आकडे मांडत बसलो. दोनशे सत्तर व्होल्टला माझ्या दोन दिव्यांतून चव्वेचाळीस-पंचेचाळीस शतांश अँपिअर गेले असतील, एकशे वीस वॅट झाले असतील, हे निघालं. विझलेल्या पेटीतून पाऊण तासात किती ऊब जाते, आणि दीड शेराच्या अंगात ती किती असते, हे मात्र निघेना. त्याचं सूत्र मला कुणी शिकवलं नव्हतं. भिंत भरली की ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुन्हा मांडायचं. मॅनेजर बघून जायचा.

तेव्हाच कधीतरी माझ्या लक्षात आलं, की बायकोच्या प्रश्नाला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. दाब असतोच, असं मी म्हणालो होतो. दाब नुसता असत नाही. त्या फॅक्टरीत दिवसाचे दोनशे वीस व्होल्ट म्हणजे मी तिथं उभा असणं, दुसरं काही नाही. माझ्या कागदावर प्रवाह होता, विरोध होता, शक्ती होती, सगळं बरोबर होतं, आणि ज्या आकड्यावर ते उभं होतं तो मी घरी बोळा धरून बसलो की खोटा ठरत होता. सहा हंगाम रोज हँडल फिरवूनही मला हे दिसलं नव्हतं. हे कळून आता काही व्हायचं नव्हतं. त्यानंतर आमच्या घरात पाळणा हलला नाही.

महिन्याभरानं सासूबाई गावी परत गेल्या. लेकीला बरोबर चल म्हणाल्या, ती गेली नाही. पेटी अजून कोपऱ्यात तशीच पडून होती, यंत्रांच्या खोलीतून आणलेल्या त्या दोन दिव्यांसकट. दिवे परत करायला मॅनेजरनं दोनदा सांगितलं होतं. एका दुपारी मी जेवून पेटी सोडायला बसलो. पक्कड हातात घेतली, तेवढ्यात बायको येऊन शेजारी बसली आणि थांबा म्हणाली.

“ह्ये बंद कसं करत्यात,” तिनं खटक्याकडे बोट केलं, “ते दावा मला.”

मी तिच्याकडे बघितलं. पेटी केली त्याच दिवशी मी तिला आणि सासूबाईंना बजावलं होतं, की विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, माणूस जागेवर जातो. खटक्याला तर नाहीच नाही. सासूबाई त्या दिवसापासून पेटीच्या त्या बाजूनं जातसुद्धा नव्हत्या. बायकोनं पोर होती तोवर एकदाही त्याला बोट लावलं नव्हतं. ती माझं ऐकायची.

मी तिचं बोट धरून खटक्यावर ठेवलं आणि वर ढकललं. दिवे लागले, भोकांतून पिवळा उजेड आला. मग बोट खाली दाबलं. खट झालं आणि पेटीत अंधार झाला. मी हात काढून घेतला. तिनं स्वतःच वर केलं, खाली केलं. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली केलं. काही जड जात नव्हतं. शेवटी तिनं खटका खालीच ठेवला आणि बोट पदराला पुसलं.

“मी तर हितंच उभी होते,” ती म्हणाली. “येवढंच करायचं होतं का?”

मी हो म्हणालो.